पानासाठी लावलेलं लिंबू

बँकॉकच्या ख्लोंग तोइ बाजारात भाजीच्या फळीवर दोन जातींची लिंबं शेजारी शेजारी मांडलेली असतात. एक गुळगुळीत, पातळ सालीचं, आपल्या कागदी लिंबाच्याच जातीचं. त्याला तिथे 'मनाव' म्हणतात. दुसरं गडद हिरवं, सालीवर कारल्यासारखे उंचवटे असलेलं, देठाकडे मान काढलेलं. हे 'मक्रूत'. मनाव लोक ढिगानं घेतात. मक्रूतचं फळ मात्र एखाददुसरंच पिशवीत पडतं. त्याच्या पानांच्या पुड्यांना उठाव असतो. त्या सकाळीच संपायला लागतात.

मक्रूतचं फळ कापून पाहिलं की कारण कळतं. साल जाड, तिच्याखाली पांढरा गर भरपूर आणि आत बियांची गर्दी. पिळलं तर चमचा-दोन चमचे रस निघतो. तोही आंबट कमी आणि कडवट जास्त. सरबताला नाही, लोणच्याला नाही, ताटात फोड म्हणून वाढायलाही नाही. आपल्या हिशेबानं हे लिंबू नापासच. तरीही थायलंड, कंबोडिया, लाओस, मलेशिया, इंडोनेशिया या देशांतल्या घरांच्या परसात ते असतंच. कुंडीत का होईना, पण असतं.

आपण लिंबाकडे एकच गोष्ट मागतो, ती म्हणजे आंबटपणा. वरण-भातावर, पोह्यांवर, मिसळीवर आपण पिळतो तो रस. साल फेकतो, आणि पान तर झाडावरून तोडायचंही कुणाला सुचत नाही. आग्नेय आशियानं मात्र लिंबाची कामं वाटून दिली. आंबट मनावनं करायचं आणि वास मक्रूतनं द्यायचा. या एका वाटणीवर तिथल्या अर्ध्या स्वयंपाकाची इमारत उभी आहे. स्वयंपाकघराबाहेरही या झाडाचा संसार मोठा आहे. जगाला त्यातलं फक्त पान माहीत झालं, तेही प्लास्टिकच्या पिशवीतलं.

दोन मजली पान

वनस्पतीशास्त्रात या झाडाचं नाव सिट्रस हिस्ट्रिक्स. स्विस शास्त्रज्ञ ऑग्युस्तँ पिराम द कांदोल यांनी १८१३ साली फ्रान्समधल्या माँपेलिएच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांची सूची छापली, तीत या झाडाची शास्त्रीय नोंद झाली. हिस्ट्रिक्स म्हणजे साळिंदर. झाडाला हात लावला की नाव पटतं. फांदीवर पानागणिक काटा.

ओळखायची खूण पानात आहे. लिंबूवर्गातल्या पुष्कळ झाडांच्या पानांना देठाशी छोटा पंख असतो. पपनसाच्या पानात तो डोळ्यांत भरतो. मक्रूतमध्ये हा पंख वाढत वाढत मूळ पानाएवढाच होतो, त्यामुळे एकाच देठावर एकापुढे एक अशी दोन पानं जोडल्यासारखी दिसतात. वरचा पृष्ठभाग चकचकीत, खालचा फिका. उजेडासमोर धरलं तर बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान अख्खं असेपर्यंत त्या फारसं काही बोलत नाहीत. मधोमध फाडलं की वास नाकात घुसतो आणि बोटांवर बराच वेळ राहतो.

या तेलात सर्वांत मोठा वाटा सिट्रोनेलाल नावाच्या रसायनाचा. पुष्कळ नमुन्यांत तो साठ ते ऐंशी टक्क्यांपर्यंत भरतो. डास पळवण्याच्या मलमात असतं ते सिट्रोनेला तेल याच रसायनाच्या जोरावर चालतं. फरक इतकाच, की या रेणूची दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा असावी तशी. सिट्रोनेला गवतात मुख्यतः उजवं रूप सापडतं, मक्रूतच्या पानात डावं. गवती चहाचा वास वेगळ्याच रसायनाचा, सिट्रालचा. म्हणून थाय सारात गवती चहा आणि मक्रूतचं पान दोन्ही घातले तरी पुनरुक्ती होत नाही. दोघांचा वास लिंबाच्या जातीचा, पण सूर निराळे. फळाच्या सालीतल्या तेलाचं मिश्रण तर आणखी वेगळं. त्यात पाइनीन, लिमोनीन, सॅबिनीन येतात आणि थोडासा राळेचा, जंगली वास असतो. पान आणि साल ही एकाच झाडाची असली तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही, याचं कारण हे.

हे तेल उडून जाणारं आहे. उन्हात वाळवलेल्या पानात रंग उरतो, वास जवळजवळ जातो. वाण्याकडे बरणीत मिळणारी वाळकी पानं घालून करी केली आणि 'हॉटेलसारखी होत नाही' अशी तक्रार केली, तर दोष पाककृतीचा नसतो.

वाटणाची शिस्त

थाय हिरव्या करीचं वाटण ग्रॅनाइटच्या जड खलात होतं. त्यात घटकांइतकाच क्रमही महत्त्वाचा. आधी कोरडं भाजलेले धणे, जिरे आणि पांढरी मिरी. त्यांची पूड काढून बाजूला ठेवायची. मग खलात मीठ आणि हिरव्या मिरच्या. मीठ इथे चवीपुरतं नसतं. त्याची खर मिरचीची सालं फाडते. त्यानंतर चिवट मंडळी येतात: कुलंजन, गवती चहाच्या बुडख्याच्या पातळ चकत्या, कोथिंबिरीची मुळं आणि मक्रूतची साल. आपण कोथिंबीर निवडताना मुळं कचऱ्यात टाकतो. तिथे मुळांसाठी जुडी घेतात. हे सगळं एकजीव झालं की छोटे कांदे आणि लसूण, कारण त्यांना पाणी सुटतं आणि पाणी सुटलेल्या खलात चिवट तंतू वाटले जात नाहीत. शेवटी 'कपी', म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. ही कोळंबी आपल्या कोकणातल्या जवळ्याच्याच कुळातली.

मक्रूतची साल काढणं हे यातलं सगळ्यात नाजूक काम. धारदार सुरीनं वरचा हिरवा पापुद्रा तेवढा उचलायचा. खालचा पांढरा थर आला की वाटण कडू. मूठभर मिरच्यांच्या वाटणाला चमचाभर किसलेली साल पुरते. त्याहून जास्त घातली की करीला साबणाचा वास यायला लागतो. अति तिथे माती, ही म्हण थाय सुगरणीला शिकवावी लागत नाही.

पान वापरायचे प्रकार दोन. सारात किंवा करीत घालायचं तर मधली शीर काढून पान हातानंच दोन-तीन ठिकाणी फाडायचं आणि भांडं उतरवायच्या थोडं आधी सोडायचं. असं पान खायचं नसतं. वाटीत आलं तर कढीपत्त्यासारखं काठाला लावायचं. पण माशाच्या वाटलेल्या मांसाच्या वड्या, 'थोत मन', करायच्या असतील तर पान खाल्लं जाणार. मग ते केसाइतकं बारीक व्हायला हवं. शीर उपसून काढायची, चार-पाच पानं एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करायची आणि सुरी तिरपी धरून कापत जायचं. 'पनेंग' करीवर वरून भुरभुरलेली ती हिरवी बारीक जाळी दिसते, ती हीच. पहिल्यांदा कापणाऱ्याच्या पट्ट्या जाड होतात आणि दातांत अडकतात. हात बसायला वेळ लागतो.

या पानाचा सगळ्यात गाजलेला पदार्थ म्हणजे 'तोम याम कुंग', कोळंबीचं आंबट-तिखट सार. गवती चहा, कुलंजन आणि मक्रूतचं पान हे त्याचं त्रिकूट. आंबटपणासाठी मनावचा रस, तोही भांडं चुलीवरून उतरवल्यावर. २ जुलै १९९७ रोजी थायलंडनं आपलं चलन 'बात' बाजारभावावर सोडलं, ते कोसळलं आणि आशियाभर आर्थिक संकट पसरलं. थाय लोक त्या संकटाला आजही 'तोम याम कुंग संकट' म्हणतात. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये पॅराग्वेच्या असुन्सिओन शहरात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत हे सार मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. दिवाळखोरी आणि गौरव दोन्ही एकाच वाटीच्या नावावर जमा आहेत.

अख्खं फळ वापरणारा पदार्थही आहे. 'केंग थेफो' नावाच्या करीत नाल्याकाठची पालेभाजी आणि चरबीदार डुकराचं मांस असतं, आणि मक्रूत अर्धं चिरून सालीसकट त्यात सोडतात. चरबीचा जडपणा ते फळ मारतं. पूर्वी ही करी थेफो नावाच्या नदीतल्या माशाची व्हायची. सयामचा राजा दुसरा राम, ज्याची कारकीर्द १८०९ ते १८२४, त्याच्या पदार्थवर्णनाच्या प्रसिद्ध नौकागीतात थेफोचा उल्लेख येतो. म्हणजे हा पदार्थ आजच्या हॉटेलांनी काढलेला नाही. दोनशे वर्षांपूर्वी तो राजाच्या ताटात होता.

थायलंडची वेस ओलांडली की झाडाचं नाव बदलतं, काम थोडंफार तेच राहतं. मलेशियात ते 'लिमाउ पुरुत', इंडोनेशियात 'जेरुक पुरुत'. पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाउ लोकांचं रेंडांग म्हणजे नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवलेलं मांस. त्यात या लिंबाच्या पानाबरोबर हळदीचं पानही पडतं. कोकणात पातोळ्यांना वास देणारं हळदीचं पान तिथे मटणाच्या हंड्यात जातं. जावामध्ये तांदळाच्या पिठात शेंगदाणे आणि पानाच्या बारीक पट्ट्या कालवून 'रेम्पेयेक' नावाच्या कुरकुरीत चकत्या तळतात. 'पेचेल'वर घालायच्या शेंगदाण्याच्या चटणीतही हे पान असतं. बालीत 'सांबाल माताह' ही न शिजवता केलेली चटणी प्रसिद्ध. कच्चा कांदा, मिरची, गवती चहा आणि लिंबाचं पान बारीक चिरून त्यावर गरम खोबरेल ओततात. कोकणी माणसाला खोबरेलाचा तो वास परका वाटू नये.

कंबोडियाच्या वाटणाला 'क्रुंग' म्हणतात. त्यात साल किंवा पान असतंच. केळीच्या पानाच्या द्रोणात नारळाच्या दुधासह उकडलेला मासा, 'आमोक', यावर पानाच्या बारीक पट्ट्या पसरल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. तिथे अख्खं फळ साखरेत मुरवूनही खातात. सीमेपलीकडे व्हिएतनामच्या आन जांग प्रांतात, बाय नुइ म्हणजे 'सात डोंगर' या ख्मेर, म्हणजे कंबोडियन वंशाच्या, वस्तीच्या मुलखात, कोंबडी मातीच्या हंडीत मीठ आणि याच लिंबाच्या पानांवर भाजतात. उरलेल्या व्हिएतनाममध्ये हे झाड फारसं दिसत नाही. ज्या वस्तीत ख्मेर लोक राहिले, तिथेच ते राहिलं.

जकार्ताच्या दक्षिण भागात तर 'जेरुक पुरुत' नावाची दफनभूमी आहे. तिथे मुंडकं नसलेल्या पाद्र्याचं भूत फिरतं अशी आख्यायिका आहे, आणि २००६ साली त्यावर एक भयपटही निघाला. लिंबाच्या नावाचं भूत आपल्याकडे अजून कुणी काढलेलं नाही, जरी चौकात उतरवून टाकलेली लिंबं आपण रोज ओलांडून जातो.

न्हाणीघरातलं लिंबू

अभ्यंगस्नान आपल्याला परकं नाही, म्हणून हा भाग जरा सविस्तर. आग्नेय आशियात मक्रूतचं फळ खाण्यापेक्षा अंगाला आणि केसांना अधिक लागलं आहे. थायलंडमध्ये शांपूच्या बाटल्या येण्यापूर्वी बायका केस धुवायला हे फळ वापरत. निखाऱ्यावर भाजून किंवा पाण्यात उकळून मऊ करायचं, कुस्करून गाळायचं आणि ते पाणी केसांना चोळायचं. कोंडा जातो, उवा मरतात, केसांना चमक येते, असा तिथला अनुभव. आज थायलंडच्या दुकानांत याच फळाचे शांपू रांगेनं मांडलेले दिसतात. आजीची रीत कारखान्यात गेली, इतकंच.

उत्तर थायलंडमध्ये नववर्षाच्या, म्हणजे सोंगक्रानच्या दिवशी बुद्धमूर्तींवर आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालतात. त्या पाण्यात 'सोम पोइ'च्या शेंगा भिजवलेल्या असतात. सोम पोइ म्हणजे आपली शिकेकाई. म्यानमारमध्येही नववर्षाच्या आधी डोकं धुवायला हीच शेंग लागते. रिठा-शिकेकाई ही आपलीच मिरास असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बंगालच्या उपसागरापलीकडे तिचा तेवढाच मान आहे, आणि तिथे तिच्या जोडीला हे खडबडीत लिंबू बसलं आहे.

सुमात्रात याहून मोठा सोहळा होतो. रमजानचा उपवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी रिआउ प्रांतातल्या काम्पार भागात लोक नदीवर जमतात आणि लिंबांच्या सुगंधी पाण्यानं न्हातात. याला 'बालिमाउ कासाय' म्हणतात. पश्चिम सुमात्रात नुसतं 'बालिमाउ'. त्या पाण्यात पडणाऱ्या लिंबांत लिमाउ पुरुतचा मान मोठा. उपवासाला बसण्याआधी शरीर आणि मन स्वच्छ करायचं, मोठ्यांची क्षमा मागायची, हा त्यामागचा भाव. काही धर्मपंडितांना ही प्रथा मान्य नाही. लोक मात्र दर वर्षी नदीवर जातात. कंबोडियात धार्मिक विधींसाठी तीर्थ करताना त्यात या फळाच्या चकत्या सोडतात. बौद्ध असो वा मुसलमान, मोठ्या दिवसाच्या आधी या लिंबाचं पाणी अंगावर घेणं हा त्या मुलखाचा सामाईक संस्कार आहे. आपल्याकडे नरकचतुर्दशीला उटणं लावून न्हातो ती जागा तिथे या फळाची.

श्रीलंकेत त्याला आणखी एक नोकरी मिळाली. सिंहली भाषेत या फळाला 'कुडलु देही' म्हणतात. कुडलु म्हणजे जळवा. पावसाळी रानात जाताना लोक पायांना याचा रस चोळत. आंबोली किंवा कोयनेच्या रानात पावसाळ्यात फिरलेल्यांना या नावाची किंमत वेगळी सांगायला नको.

मात्र इथे एक इशारा द्यायला हवा. या फळाच्या रसात आणि सालीत फ्युरानोकुमारिन वर्गातली द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. किडे चावू नयेत म्हणून घरगुती उपाय समजून हा रस अंगाला चोळून रानात गेलेल्या गिर्यारोहकाची अशी नोंद १९९९ साली त्वचारोगाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. जुन्या रीतीत रस लावून स्वच्छ धुऊन टाकत. 'नैसर्गिक आहे, मग काय होतंय' म्हणून अंगावर तसाच ठेवायची टूम नवी आहे. अंगाला लावायचं तर धुवा, आणि धुऊन झाल्याशिवाय उन्हात जाऊ नका.

कागदी लिंबाची आई

आता आपल्या घराशी असलेलं नातं. ते करीच्या वाटीतलं नाही, त्याहून जुनं आहे.

लिंबूवर्गातल्या झाडांचं एकमेकांत इतकं मिश्रण झालं आहे की कोण कोणाचं, हे ठरवण्यात शास्त्रज्ञांच्या पिढ्या गेल्या. जनुकं वाचता यायला लागली तेव्हा गुंता सुटत गेला. २०१८ साली 'नेचर'मध्ये साठ नमुन्यांच्या जनुकसंहितेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार या कुळाचं माहेर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसामचा पूर्व भाग, उत्तर म्यानमार आणि चीनमधला पश्चिम युनान इथे येतं. सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी हवामान बदललं तसं हे कुळ तिथून पांगलं. त्यातून ज्या मोजक्या मूळ जाती झाल्या, त्यांच्या संकरातून आजची संत्री, मोसंबी, लिंबं आली.

त्या मूळ जातींपैकी एक फिलिपिन्समधली सिट्रस मिक्रान्था. सेबू, बोहोल, मिंदानाओ या भागात तिला 'बियासोंग' म्हणतात. तिथे कच्चा मासा आंबटात मुरवून केलेल्या 'किनिलाव'मध्ये ती वापरतात. दोन मजली पान, खडबडीत साल, वासाचा जोर, सगळं मक्रूतच्या वळणाचं. काही वर्गीकरणकार तर तिला वेगळी जात न मानता सिट्रस हिस्ट्रिक्समध्येच धरतात.

आणि आपलं कागदी लिंबू? ते या मिक्रान्थाचं लेकरू. २०१६ साली लिंबांच्या वंशावळीवर झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट झालं: आई मिक्रान्था, बाप महाळुंग. महाळुंग हे आपल्या परिचयाचं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात जे फळ आहे, ते महाळुंग. म्हणजे आपल्या पोह्यांवर पिळल्या जाणाऱ्या लिंबाचा पितृवंश अंबाबाईच्या हातात आहे आणि मातृवंश मक्रूतच्या घराण्यातला. बाजारात मिळणाऱ्या लिंबानं हे कुणाला सांगितलं नाही.

पश्चिमेकडे हे झाड समुद्रमार्गे गेलं. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ आणि मॉरिशस बेटांवर त्याला 'कोंबावा' म्हणतात. रेयुनियाँत त्याच्या सालीचा कीस टोमॅटो-मिरचीच्या 'रुगाय' या चटणीत पडतो आणि फळ रमच्या बाटलीत मुरतं. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-साताऱ्याकडून करारावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही त्या बेटावर आहेत. मुंबई-पुण्याच्या मेनूकार्डावर या लिंबाचं नाव यायच्या कितीतरी आधी त्या मराठी घरांच्या बाजारपेठेत हे फळ होतं.

आपल्याकडच्या मेनूकार्डांवर 'काफिर लाइम' छापतात. दक्षिण आफ्रिकेत 'काफिर' हा शब्द कृष्णवर्णीयांना दिलेली घाणेरडी शिवी आहे. त्यामुळे जगभरातले पाककृतीलेखक आणि दुकानं आता 'मक्रूत लाइम' लिहू लागली आहेत. ब्रिटनमधल्या वेट्रोज या दुकानसाखळीनं २०२२ साली वेष्टनावरचं नाव बदललं. आपल्याकडे बदलायला खर्च मेनूकार्डाच्या एका छपाईचाच आहे.

पान, कीड आणि विमानतळ

थाय जेवण जगभर पोहोचलं, पण हे पान त्याच्यासोबत सहज प्रवास करू शकत नाही. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून लिंबूवर्गीय झाडांची ताजी पानं आणायला बंदी आहे. अमेरिकेतही आशियातून ती नेता येत नाहीत. त्यामुळे तिथल्या हॉटेलांना स्थानिक बागांतली महाग पानं किंवा गोठवलेली पाकिटं घ्यावी लागतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या सामानातून कढीपत्ता काढून घेतल्याची कथा कुठल्याही महाराष्ट्र मंडळात ऐकायला मिळेल. लिंबाच्या पानावरची आणि कढीपत्त्यावरची, या दोन्ही बंदींमागचं एक मोठं कारण सारखंच आहे: सिट्रस सायला.

ही मावा-तुडतुड्यांच्या वर्गातली, तीन-चार मिलिमीटरची कीड. लिंबूवर्गाच्या कोवळ्या पालवीवर ती अंडी घालते. कढीपत्ता आणि कुंतीसुद्धा याच कुळातली झाडं, त्यांच्यावरही ती पोसते. पालवीतला रस पिताना ती एक जिवाणू एका झाडातून दुसऱ्यात नेते. तो अन्नरस वाहणाऱ्या नलिकांत बसतो. पानांवर वेडेवाकडे पिवळे डाग पडतात, फळं लहान, एका बाजूला वाकडी आणि कडू होतात, आणि काही वर्षांत झाड जातं. याला 'ग्रीनिंग' म्हणतात. झाड बरं करणारं औषध अजून नाही.

आशियात हा रोग सायला पसरवते, हे भारतात दाखवून दिलं ते पुण्यात. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्रात काम करणारे एस. पी. कपूर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या रोगावर जगात कुठेही काम झालं की या निबंधाचा हवाला येतो. पुणेकरांना सार्थ अभिमान वाटावा अशा गोष्टींची यादी मोठी आहे. ही तिच्यात नाही, ती असायला हवी.

रोगानं काय होतं ते फ्लोरिडात दिसलं. तिथे २००५ साली ग्रीनिंग सापडला. २००३-०४ च्या हंगामात त्या राज्यात संत्र्याच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ मध्ये त्या दोन कोटींच्याही खाली आल्या. चक्रीवादळांचा हातभार होता, पण कंबर मोडली ती ग्रीनिंगनं. विदर्भातल्या संत्रापट्ट्यात हा रोग नवा नाही. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमांवर काम चालतं ते याच कारणानं. रोगट रोप लावलं की शेतकऱ्याला कळेपर्यंत चार-पाच वर्षांचा खर्च मातीत गेलेला असतो.

म्हणून बँकॉकच्या सहलीवरून येताना 'एवढंसं तर रोप आहे' म्हणत ते टॉवेलात गुंडाळून आणणं साधं नाही. भारतात परवान्याशिवाय आणि रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय रोप आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानं मनाई आहे. तो कायदा नागपूरच्या बागायतदाराच्या बाजूनं आहे.

आपल्या कुंडीत

आणायची गरजही उरलेली नाही. उरुळी कांचनकडच्या रोपवाटिकांत मक्रूतची कलमं मिळतात. तिथल्या एका काकांना मी फळ किती वर्षांनी धरेल असं विचारलं, तर ते हसले. "ताई, फळाचं कुणी विचारत नाही. हॉटेलवाले पानंच नेतात. तुम्ही पानं तोडत राहा, झाड फुटत राहील." कलम बहुधा गुटीचं किंवा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेलं असतं. बारा-चौदा इंचांची कुंडी, पाण्याचा निचरा आणि पाच-सहा तास ऊन मिळालं की गच्चीवर ते नांदतं. मुंबई-पुण्याच्या थंडीची त्याला भीती नाही. पाणी साचलं तर मात्र मुळं कुजतात.

भाजीबाजारात 'थाय सेट' म्हणून पाकीट मिळतं: गवती चहा, कुलंजन, तिखट मिरच्या आणि पानं. त्यातली पानं नीट बघून घ्या. एका दुकानात मला साध्या लिंबाची पानं याच नावानं मिळाली होती. दोन जवळजवळ सारखे भाग असलेलं पान असेल आणि फाडल्यावर वास आला, तरच पैसे मोजा.

झाडावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी काळी-पांढरी अळी दिसली तर औषधाची बाटली उघडण्याआधी जरा थांबा. मोठी झाली की ती हिरवी होते आणि बोट लावलं की डोक्यामागून शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. लिंबाच्या कुळावर वाढणारी ही फुलपाखरांची पिल्लं. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्ल्यू मॉर्मन, हिच्या अळ्याही लिंबाच्याच कुळावर जगतात. चार पानं त्यांना, चार आपल्याला. पानात नागमोडी पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती नागअळी. ती पानं तोडून टाकावीत.

पानं जास्त झाली तर वाळवू नका. धुऊन, कोरडी करून, डबीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. काही महिने वास टिकतो. थाय करी करायलाच हवी असं नाही. नारळाच्या दुधातल्या कोळंबीच्या कालवणात एक पान फाडून टाका, किंवा केरळात लिंबूवर्गीय पान चुरडून ताकात घालतात तसं मठ्ठ्यात घालून पाहा. एका भांड्याला दोन पानं, तीन म्हणजे फार. आणि रोप घ्यायचं ते इथल्या नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच घ्या. बँकॉकहून येताना पिशवीत कपीची बरणी आणा, खल आणा, आवडलं तर फळाचा शांपू आणा. रोप आणि ताजी पानं तिथेच ठेवा.